खोडलेल्या धड्यातलं गवत

माझा मामेभाऊ लातूरला नीटची तयारी करतोय. गेल्या दिवाळीत मामाकडे गेले तेव्हा त्याचं बारावीचं जीवशास्त्राचं पुस्तक ओसरीवर पडलं होतं. एनसीईआरटीचं, जुन्या आवृत्तीचं, कुठल्याशा सीनियरकडून स्वस्तात घेतलेलं. ‘परिसंस्था’ या प्रकरणातल्या काही पानांवर पेन्सिलनं मोठी फुली मारली होती आणि वर लिहिलं होतं, ‘वगळलंय. वाचू नये.’

मी दहावीनंतर जीवशास्त्राला हात लावलेला नाही. गणित घेतलं, इंजिनीअर झाले, आता कोड लिहिते. पण ‘वाचू नये’ असं लिहिलेलं पान कोण सोडतं? मी ओसरीवरच बसून ती पानं वाचून काढली. वाचता वाचता लक्षात आलं की समोर जो माळ दिसतोय त्याची मी सहा वर्षांपूर्वी जी वाट लावली, तिचं मूळ या पानांत आहे. हा धडा मी शाळेत कधी वाचलाही नव्हता, तरी तो मला पाठ होता.

म्हणून हे त्या धड्याचं परीक्षण. पाठ्यपुस्तकाचं परीक्षण कुणी करत नाही. कादंबरीचं करतो, सिनेमाचं करतो, वेब सिरीजचं तर पहिला एपिसोड संपायच्या आत करतो. पण लाखो मुलं जे पुस्तक अक्षरशः तोंडपाठ करतात, त्यातली गोष्ट कशी रचली आहे याबद्दल कुणी बोलत नाही.

त्या पानांवर ‘अनुक्रमण’ शिकवलंय. गोष्ट साधी आहे. उघडा खडक असतो. त्यावर आधी दगडफूल येतं, त्यातून निघणाऱ्या आम्लानं खडक थोडा झिजतो, चिमूटभर माती तयार होते. मग शेवाळासारख्या लहान वनस्पती येतात, मग त्यांच्यापेक्षा मोठ्या, आणि शेवटी स्थिर असं जंगल उभं राहतं. दुसरी गोष्ट तळ्याची. तळं गाळानं भरत जातं, पाणवनस्पती येतात, काठावरचे लव्हाळे आत सरकतात, मग दलदलीतलं कुरण, मग झुडपं, आणि शेवटी पुन्हा जंगल. सोबत चित्र आहे. या शेवटच्या अवस्थेला क्लायमॅक्स म्हणतात.

गोष्ट म्हणून हे छान जमलंय. सुरुवात आहे, संघर्ष आहे, हिरो शेवटी येतो. कोरड्या खडकावरून निघा किंवा तुडुंब तळ्यातून निघा, शेवट तोच. आणि नेमकी इथेच माझी तक्रार आहे. या गोष्टीत गवत हे मधलं स्टेशन आहे. तिथे गाडी दोन मिनिटं थांबते आणि पुढे जाते. एखाद्या जागी गवतच असेल आणि झाडं विरळ असतील, तर वाचणाऱ्याच्या मनात दोनच शक्यता उरतात. एक तर गाडी अजून पोचलेली नाही, किंवा कुणीतरी चेन ओढून ती थांबवली आहे. म्हणजे जंगल यायचंय, किंवा जंगल होतं आणि आपण ते तोडलं.

मामाचं गाव बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यात आहे. बारामती म्हटलं की लोकांना ऊस आठवतो, पण तो कालव्याच्या बाजूचा. आमच्याकडे पाऊस वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास. बाजरी, ज्वारी, आणि गावाच्या वरच्या अंगाला मुरमाड माळ. त्यावर हिवर, बोर, बाभूळ अशी लांब लांब उभी झाडं आणि मधे नुसतं गवत. पावसाळ्यात हिरवं, दिवाळीत सोनेरी, उन्हाळ्यात मेल्यासारखं. लहानपणापासून आम्ही ऐकत आलोय, ‘हा माळ उजाड आहे.’

२०१९ साली मी नुकतीच नोकरीला लागले होते. त्या पावसाळ्यात राज्यात ३३ कोटी झाडं लावायची सरकारी मोहीम जोरात होती आणि आमच्या कंपनीला सीएसआरसाठी जागा हवी होती. ईमेल मीच पाठवला. ‘आमच्या गावाला मोठं गायरान आहे, पूर्ण उजाड आहे, ग्रामपंचायत परवानगी देईल.’ सोबत मे महिन्यातले फोटो जोडले. मे महिन्यात आमच्या माळाचा फोटो काढला तर कुणालाही दया येईल.

जेसीबीनं चर खोदले. एका शनिवारी दोन बसभरून आम्ही सगळे आलो, टी-शर्ट घातले, खड्ड्यात रोपं लावली, त्यात गिरिपुष्पच जास्त. सेल्फी काढले. मामीनं सगळ्यांना पिठलं-भाकरी घातली. नंतर कुंपण पडलं आणि माळ चराईसाठी बंद झाला. पावसाळाभर तिथे मेंढ्या चारून दिवाळीनंतर कोकणात उतरणारे धनगर त्या वर्षी दुसरीकडे गेले. त्यातल्या एका म्हाताऱ्या तात्यांनी मामाला एवढंच विचारलं होतं, ‘गवतानं काय वाईट केलं होतं?’ मामानं ते मला फोनवर हसत हसत सांगितलं आणि मीही हसले.

आज त्यातली निम्मी झाडं मेली आहेत. जी जगली त्यात गिरिपुष्पच आहे. मामा म्हणतो, मेंढ्या त्याला तोंड लावत नाहीत आणि त्याच्या सावलीत पूर्वीसारखं गवतही उगवत नाही. जिथे जेसीबी फिरला तिथला मुरूम अजून उघडा दिसतो.

मला आधी वाटलं, अंमलबजावणी चुकली. रोपं चुकीची निवडली, पाणी कमी पडलं. पण खोडलेला धडा वाचून मी शोधत गेले तेव्हा कळलं की प्रश्न त्याच्या आधीचा आहे.

हा क्लायमॅक्स आला कुठून? फ्रेडरिक क्लेमेंट्स नावाचा अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ होता. १९१६ मध्ये त्यानं वनस्पतींच्या अनुक्रमणावर जाडजूड ग्रंथ लिहिला. एखाद्या ठिकाणचा वनस्पतींचा समुदाय हा एका सजीवासारखा असतो, तो जन्मतो, वाढतो आणि प्रौढ होतो, अशी त्याची मांडणी. प्रौढावस्था कोणती, हे तिथलं हवामान ठरवतं. दहा वर्षांनी, १९२६ मध्ये हेन्री ग्लीसननं याला सरळ आव्हान दिलं. त्याच्या मते समुदाय वगैरे सजीव नसतो. प्रत्येक जात आपापल्या गरजेप्रमाणे आणि बी कुठे पडलं त्या योगायोगाप्रमाणे उगवते, आणि आपण त्या गर्दीला नाव देतो. पुढच्या शतकभरात या शास्त्राचं पारडं बरंचसं ग्लीसनच्या बाजूला झुकलं.

पण मला खरा धक्का दुसऱ्या गोष्टीचा बसला. क्लेमेंट्स जन्मला नेब्रास्कामध्ये, अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात. आणि त्या प्रदेशाचा क्लायमॅक्स त्याच्या स्वतःच्या मते गवताळ रानच होतं! म्हणजे ज्याच्या नावावर हा सिद्धांत आहे, त्यानंही ‘शेवटी सगळीकडे जंगल’ असं म्हटलं नव्हतं. ते आपल्या प्राथमिक पुस्तकांनी केलं. सोपं करताना एक अट गळली आणि तीच महत्त्वाची होती. आमच्या धंद्यात असं रोज होतं. कुणीतरी फंक्शनला एक डीफॉल्ट व्हॅल्यू देऊन ठेवतं, पुढचा माणूस ती बदलायची असते हे विसरतो, आणि प्रोग्रॅम एररही न देता चुकीचं उत्तर देत राहतो.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. या पुस्तकांत गवताची बाजू मांडायला लागणारा सगळा पुरावा आहे, पण तो वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलाय आणि ती प्रकरणं एकमेकांशी बोलत नाहीत.

अकरावीच्या पुस्तकात प्रकाशसंश्लेषणाच्या प्रकरणात सी-४ वनस्पती येतात. मामेभावाला ते चक्र झोपेतही काढता येतं. उन्हाचा तडाखा असला आणि पानांची छिद्रं मिटत आली की आत कार्बन डायऑक्साइड कमी पडतो. मग साध्या वनस्पतींमधलं मुख्य विकर गोंधळतं आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनच पकडू लागतं. केलेली मेहनत वाया जाते. सी-४ वनस्पती पानातल्या शिरांभोवतीच्या खास पेशींमध्ये कार्बन डायऑक्साइड जणू पंपानं भरतात, म्हणून त्यांचा हा तोटा टळतो. उदाहरणं कोणती? मका, ज्वारी. ऊस आणि बाजरीही त्यातलीच. सगळी गवतं! आमच्या माळावरची मारवेल, कुसळी हीसुद्धा सी-४.

आता हे प्रकरण अनुक्रमणाच्या धड्याशेजारी ठेवून वाचा. हा पंप चालवायला जादा ऊर्जा लागते आणि ती येते भरपूर उन्हातून. सावली पडली की गवताचा सगळा फायदा संपतो. म्हणजे ज्या उघड्या, तापलेल्या माळाला आपण उजाड म्हणतो, तोच उघडेपणा ही या गवतांची गरज आहे. त्यांच्यावर झाडांचं छप्पर घालणं म्हणजे त्यांना घालवणं. हा निष्कर्ष काढायला पीएचडी लागत नाही, दोन प्रकरणं एकत्र वाचावी लागतात. पण परीक्षेत प्रश्न प्रकरणागणिक येतात. मामेभावाला मी विचारलं, ‘माळावर सी-४ कोण आहे?’ तो म्हणाला, ‘ताई, हा प्रश्न येत नाही.’

वनस्पतींच्या ऊती शिकवतानाही तेच. वाढीची ऊती टोकाला असते, मुळाच्या आणि खोडाच्या शेंड्याला, हे नववीपासून पाठ असतं. गवतात वाढीची जागा पेराच्या आणि पानाच्या बुडाशीही असते, ही त्यातली तळटीप. माळावर उभं राहून पाहिलं तर ती तळटीपच मुख्य वाक्य आहे. रोपट्याचा शेंडा मेंढीनं खाल्ला तर त्याची वाढ खुंटते. गवत वरून खाल्लं, वणव्यात जळलं, उन्हाळ्यात वाळलं, तरी जमिनीलगतचा कोंब जिवंत असतो. मे महिन्यात मी ज्याचे फोटो काढले ते गवत मेलेलं नव्हतं. त्याचा सगळा कारभार खाली चालू होता. गवताळ रानातल्या कार्बनचा मोठा साठाही जमिनीखालीच असतो, आणि आम्ही पर्यावरणासाठी म्हणून तीच जमीन जेसीबीनं उकरली.

आणि कुसळ! प्राथमिक वनस्पतिशास्त्राचा पहिला धडा म्हणून याच्याइतकी चांगली गोष्ट आपल्या माळावर दुसरी नाही. कुसळी गवताच्या बियेला टोकदार सुई असते आणि मागे लांब, पिळलेला केस. हवा दमट झाली की पीळ सुटतो, कोरडी झाली की पुन्हा बसतो. असं गरगर फिरत बी जमिनीत स्वतःला रुतवतं, आणि टोकाजवळचे उलटे केस त्याला मागे सरकू देत नाहीत. बॅटरी नाही, मोटर नाही. या गवतात चाललेला मराठी मुलगा-मुलगी ते पायमोज्यातून काढत बसलेले असतात. भिजवून टेबलावर ठेवा, दोन मिनिटांत ते फिरताना दिसेल. पण आमच्या शाळेत फूल म्हणजे जास्वंद, पान म्हणजे पिंपळ. गवताला फूल येतं, ज्वारीचं कणीस हा त्या फुलांचा गुच्छच असतो, हे मला सत्ताविसाव्या वर्षी कळलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसण्याची म्हण आपल्याला येते. कुसळ मात्र आपण पाहिलेलंच नसतं.

न पाहण्याला मदत करायला भाषाही असते. सातबाऱ्यावर जिथे पीक घेता येत नाही ती जमीन ‘पोटखराबा’. बोलताना ती ‘पडीक’. शेतसारा न देणारी जमीन इंग्रजी अमलात ‘वेस्ट’ ठरली आणि तो शब्द अजून सरकारी कागदावर जिवंत आहे. केंद्र सरकार पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढतं, त्याची एक आवृत्ती २०१९ चीच. झुडपांची मोकळी रानं त्यात एक वर्ग म्हणून पडीक जमिनीत मोडतात. अनुक्रमणाचा धडा हे शब्द शास्त्रीय करून देतो. जे महसुलाला निरुपयोगी होतं ते आता निसर्गाच्या दृष्टीनंही अर्धवट ठरतं.

यावर वाजवी प्रश्न असा की आमचा माळ खरंच आधी जंगल नसेल कशावरून? शेकडो वर्षांच्या चराईनं आणि कुऱ्हाडीनं त्याचा माळ झाला असेल तर? याचं एक उत्तर फार लांबून येतं. शिवालिकच्या टेकड्यांमधल्या प्राचीन मातीतला कार्बन तपासून असं दिसलंय की उपखंडाच्या त्या भागात सी-४ गवतं सुमारे सत्तर लाख वर्षांपूर्वीच पसरली. कुऱ्हाड हातात घेणारा माणूस तेव्हा जन्मायचा होता.

दुसरं उत्तर जवळचं आहे आणि या पानावर साहित्य वाचायला येणाऱ्यांनी ते जरूर पाहावं. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन संशोधकांनी २०२५ मध्ये ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. पश्चिम महाराष्ट्रातल्या माळांचा इतिहास शोधायला त्यांनी तेराव्या शतकापासूनचं मराठी साहित्य, आख्यायिका आणि ओव्या चाळल्या आणि त्यात कोणत्या रानवनस्पतींची नावं येतात ते पाहिलं. घनदाट जंगलापेक्षा मोकळ्या, उन्हाच्या रानातल्या काटेरी झाडांचीच नावं जास्त निघाली. म्हणजे निदान काही शतकं तरी इथे माळ होताच. मला यात टीकाकाराची शंका येते. साहित्यात नाव त्याच झाडाचं येतं ज्याच्याशी माणसाचा किंवा देवाचा संबंध येतो, म्हणून ओवी ही काही झाडांची मोजणी नव्हे. पण एका मुद्द्यावर मी निरुत्तर झाले. हा पुरावा आपल्याच भाषेत, आपल्या आज्यांच्या तोंडी होता. आपण मात्र भक्तिभावानं ऐकलं आणि रान पाहिलंच नाही.

धड्याची बाजूही मांडायला हवी. अनुक्रमण ही थाप नाही. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर शेत सोडून दिलं तर काही दशकांत झाडी परत येताना दिसते. तिथे तोडलेलं जंगल परत आणणं हेच योग्य काम आहे. मोकाट चराईनं माळ खराब होतो, हेही खरं. पण त्याच सह्याद्रीत कासचं पठार आहे. तिथे आमच्या माळाच्या कित्येक पट पाऊस पडतो, तरी जांभ्या दगडावरच्या वीतभर मातीत मोठी झाडं नाहीत आणि तिथली फुलं पाहायला आपण तिकीट काढून जातो. तिथे कुणी म्हणत नाही, चला, खड्डे खणूया. पाऊस किती, माती किती खोल, चरणारं कोण, वणवा किती वेळा, हे प्रश्न आधी विचारायचे असतात. शेवट आधीच माहीत असलेल्या गोष्टीत असे प्रश्न विचारायची गरजच पडत नाही.

आता तो धडाच गेला. २०२२ मध्ये अभ्यासक्रमाचं ओझं कमी करताना अनुक्रमण वगळलं. मी खूश व्हायला हवं, पण नाही झाले. चूक सापडली, दुरुस्त केली, असं झालंच नाही, नुसतं डिलीट केलं. त्या धड्यावर वाढलेली माणसं आज ग्रामपंचायतीत आहेत, सीएसआर विभागात आहेत, माझ्यासारखी ईमेल पाठवत आहेत. आणि मामेभावाच्या पिढीला तर वाद घालायलाही काही उरलं नाही. त्यांच्याकडे चुकीचं उत्तर नाही, प्रश्नही नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला माळावर घेऊन गेले. कुंपण आता दोन ठिकाणी मोडलंय. गिरिपुष्पाच्या रांगांपलीकडे, जिथे चर पोचले नव्हते तिथे कुसळी गुडघ्यापर्यंत उभी होती. परतल्यावर आम्ही ओसरीवर बसून पायमोज्यातली कुसळं काढली. एक मी पाण्याच्या थेंबात ठेवलं. ते फिरायला लागल्यावर त्यानं फोन काढून व्हिडिओ घेतला आणि लातूरच्या ग्रुपवर टाकला. लगेच एकाचं उत्तर आलं, ‘हे कुठल्या चॅप्टरमध्ये आहे?’

कंपनीचा यंदाचा ईमेल परवा आला आहे. वृक्षारोपणासाठी जागा सुचवा. मी उत्तर लिहायला घेतलंय. पहिल्याच परिच्छेदात तात्यांचा तो प्रश्न टाकलाय, पुढचं अजून लिहिते आहे.